साहेबांना हलतंच लागतं

हरिदासभाऊ रामटेके तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणात म्हणाले होते, "आता उरलेल्या आयुष्यात कोण्याही साहेबाच्या जेवणाची व्यवस्था मी पाहणार नाही." टाळ्या पडल्या होत्या. त्यानंतर वर्षभरातच घरातल्या एका साहेबाच्या जेवणापायी हरिदासभाऊंची पोंभुर्ण्यात अशी काही शोभा झाली, की नोकरीच्या सगळ्या वर्षांत मिळूनही तेवढी झाली नव्हती.

हा साहेब म्हणजे एक मासा. तोही समुद्रातला. पोंभुर्ण्याहून समुद्र गाठायचा तर पूर्वेला जा की पश्चिमेला, गाडीत एक रात्र काढावी लागते. इथे मात्र समोरच्या खोलीत, शिवणयंत्र आणि धान्याच्या कोठीच्या मध्ये काचेच्या पेटीत खारं पाणी भरलेलं होतं आणि त्यात हे महाशय तरंगत होते. लायनफिश नाव. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, पंखे पसरल्यासारखे पर, पाठीवर काट्यांची रांग. चालणं संथ, नजर वरची. कचेरीत जिल्ह्याचे अधिकारी तपासणीला यायचे तेव्हा अशीच नजर टाकत, म्हणून हरिदासभाऊंनीच त्याला साहेब म्हणायला सुरुवात केली.

मासा त्यांच्या मुलाचा, अश्वजितचा. मोबाइल टॉवरच्या कंपनीत तो दोन-तीन वर्षं कोकणात होता. तिथून बदली होऊन आला तो ही पेटी, पंप, दिवे आणि खाऱ्या पाण्याचा नाद घेऊन. मग दिवाळीच्या तोंडावर मूल गावाच्या रस्त्यावर त्याच्या मोटरसायकलला रानडुक्कर आडवं आलं आणि अश्वजित घरी आला नाही. याहून जास्त त्या घरात कोणी त्याबद्दल बोलत नसे, तेव्हा आपणही नको.

त्याचे शर्ट वाटून टाकता आले. बूट चुलत्याच्या पोराला झाले. मासा मात्र जिवंत होता आणि त्याला भूक लागत होती.

त्याची भूकही साधी नाही. जे हलत नाही ते तो खात नसे. बाजारातून आणलेला ताजा झिंगा सोलून समोर टाकला तर तो झिंगा तळाशी जाऊन बसायचा आणि साहेब त्याच्या वरून निघून जायचे. हरिदासभाऊंनी आयुष्यभर असे साहेब पाहिले होते, ज्यांच्या टेबलावर काही हलत नाही. हलल्याशिवाय ज्याला काही दिसतच नाही, असा हा पहिलाच.

आधी त्याचं सगळं रिना बघायची. रिना त्यांची सून, शिकलेली नर्स, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. अश्वजित गेल्यावर ती कामं करायची, जेवायची, हाक मारली की ओ द्यायची, पण आपणहून बोलत नव्हती. एक दिवस हरिदासभाऊंनी सहज विचारलं, "रिना बेटा, या पान्यात मीठ किती टाकतेस वं?" तर ती चांगली पाच-सहा वाक्यं बोलली. समुद्राचं मीठ वेगळं येतं, घरचं चालत नाही, ते असं मोजायचं, तसं विरघळवायचं. "मामाजी, यांनी शिकवलं होतं मले," असंही म्हणाली. सासऱ्याला इकडे मामाजीच म्हणतात. त्या दिवसापासून हरिदासभाऊ रोज माशाविषयी काहीतरी विचारू लागले, आणि विचारता विचारता त्याच्या जेवणाचं खातं कधी त्यांच्याकडे आलं ते त्यांनाही कळलं नाही.

शेजारी पत्रूभाऊ. हे वनखात्यातून निवृत्त, आणि वाघापासून वाळवीपर्यंत कोणत्याही प्राण्याबद्दल त्यांचं मत तयार असायचं. संध्याकाळी ते खुर्ची घेऊन पेटीसमोर बसत.

"हरिदास, खाऱ्या पान्यात ठेवलाच कायले तू याले? हळूहळू आपल्या तलावाचं पानी टाक. सवय पडते."

"मरन तो."

"कायचा मरते! मी पोंभुर्ण्यात आलो तवा मलेबी इथलं पानी बाधलं होतं. मेलो का?"

पत्रूभाऊ चहा पिऊन उठताना दर वेळी एवढंच म्हणत, "साहेब वाळले बरं थोडे." आणि हरिदासभाऊंना तो आपल्या घरादाराचा अपमान वाटायचा.

सुरुवातीला तलावातल्या जित्या झिंग्यांवर भागलं. पण ते मिळवणं सोपं नव्हतं. बाजारात नीलाबाई ढिवरीण टोपली घेऊन बसायची. तिला हरिदासभाऊंनी विचारलं, "जिते हायेत का?"

"जिते कायले पाह्यजे, भाऊ? कढईत गेल्यावर मरतेतच."

"खायले नाई. पाळायले."

नीलाबाईने शेजारणीकडे पाहिलं, शेजारणीने पलीकडच्या मिरचीवालीकडे पाहिलं, आणि तो आठवडाभर गावात रामटेके साहेब झिंगे पाळतात ही बातमी होती. मग त्यांनी स्वतःच जायचं ठरवलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बायको बायनाबाईंची पिठाची चाळणी घेऊन ते तलावात उतरले. नेमका त्याच वेळी त्यांच्या हाताखाली काम केलेला एक कनिष्ठ कारकून काठावरून स्कूटरने चालला होता. तो थांबला, खाली उतरला, आणि पूर्वीच्याच अदबीने म्हणाला, "सर, काई पडलं का तुमचं?" हरिदासभाऊंना सुचलं ते म्हणाले, "अंगठी." त्या बिचाऱ्याने पायमोजे काढले आणि अर्धा तास चिखल चाळला.

घरी आल्यावर बायनाबाईंनी ती चाळणी बघितली. त्यांनी नवी आणली. बायनाबाईंचं तसंच होतं. पोरगा गेल्यापासून त्या कशाला नको म्हणत नव्हत्या.

आणखी एक अडचण होती, ती हरिदासभाऊ कोणाला सांगू शकत नव्हते. रोज सकाळी ते बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना घेत. पंचशीलातलं पहिलंच शील जीवहिंसेपासून दूर राहण्याचं. ते म्हणून उठायचं आणि लगेच जिते झिंगे मरणाच्या पाण्यात सोडायचे, हे मनाला बरं वाटेना. तसं रविवारी घरात मटण शिजायचं, पण ते बकरं हरिदासभाऊंची ओळख नसताना मेलेलं असायचं. झिंगे तर रात्रभर त्यांच्याच बादलीत राहिलेले. शेवटी त्यांनी कारकुनी तोडगा काढला: साहेबांचं जेवण दुपारनंतर. दोन विषय एकाच दिवशी आले तरी एका फाईलीत येता कामा नयेत.

उन्हाळा लागला. तलाव आटला आणि जिते झिंगे संपले. तेव्हा पत्रूभाऊंनी आयुष्यातला एकमेव उपयोगी सल्ला दिला. "गप्पी मासे आन न. मलेरियावाले फुकट देतेत. डबक्यात सोडायले."

आरोग्य केंद्राच्या मागे सिमेंटच्या टाक्यात गप्पी मासे वळवळत होते. डासांच्या अळ्या खाणारे, बोटाच्या पेराएवढे. ते बघून हरिदासभाऊंना झालेला आनंद तिथल्या विनोद नावाच्या आरोग्यसेवकाला जरा विचित्रच वाटला.

"कोन्या डबक्यात सोडता, काका?"

"घरामागं हाय एक."

"केवढं?"

"हाय... बरंच हाय."

विनोदने पिशवीभर मासे दिले. साहेब खूश झाले. गप्पी पाण्यात पडायचा, दोन शेपट्या मारायचा, साहेब पर पसरून त्याला कोपऱ्यात घ्यायचे, आणि मग तोंड असं उघडायचं की डोळ्यांना दिसायच्या आत काम झालेलं असायचं. रिना शेजारी उभी राहून बघायची. एकदा ती हसली. फार नाही, नाकातून आल्यासारखं हसू, पण हरिदासभाऊंनी ते ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी ते आणखी गप्पी आणायला गेले. मग पुन्हा गेले.

पुढच्या खेपेला विनोद म्हणाला, "काका, तुमच्या डबक्यात माशे जातेत कुठी? येऊन पायतो मी."

आता डबकं असतं तर दाखवायला काय हरकत होती! हरिदासभाऊंनी खात्यात अनेक विहिरी कागदावर खोदलेल्या पाहिल्या होत्या, पण आपल्यावर असं काही यावं याची त्यांना लाज वाटली. ते घरी आले आणि कुदळ घेऊन परसात खरोखरचा खड्डा खणू लागले. बायनाबाई दारात आल्या. "काय करून राह्यले?"

"डबकं."

"कोनासाठी?"

"शासनासाठी."

बायनाबाई आत गेल्या आणि पाणी घेऊन आल्या. आधी त्यांना प्यायला दिलं, उरलेलं खड्ड्यात ओतलं.

विनोद आला, डबकं बघून समाधान पावला आणि वर आणखी दोन पिशव्या मासे देऊन गेला. हरिदासभाऊंनी निम्मे डबक्यात सोडले. म्हटलं, इथंच वाढतील, साहेबांची कायमची सोय. दुसऱ्या दिवशी पेरूच्या झाडावर एक खंड्या येऊन बसला. त्याने आपल्या बायकोलाही आणलं. आठवडाभरात डबक्यात मासा राहिला नाही, आणि मासा राहिला नाही म्हणताच तिथे डास झाले. डास पत्रूभाऊंच्या घरात गेले. पत्रूभाऊंनी तोंडी सांगून बघितलं, मग बोलणं बंद केलं, मग तक्रार केली. घरासमोर फवारणीची गाडी आली. डास निर्मूलनासाठी मासे नेणाऱ्या इसमाच्या परसातच डास सापडल्याबद्दल हरिदासभाऊंना लेखी समज मिळाली. सगळ्या नोकरीत त्यांना एकही समज मिळाली नव्हती. तो कागद त्यांनी दोनदा वाचला. भाषा चांगली होती. शेवटच्या परिच्छेदात एक शुद्धलेखनाची चूक होती, तेवढाच दिलासा.

डबकं बुजलं. विनोदने गप्पी देणं थांबवलं. साहेब उपाशी राहिले.

या काळजीत एका दुपारी हरिदासभाऊंनी पेटीच्या तळाचा कचरा काढायला हात घातला. घाई नडली. साहेब खडकाच्या आड होते, काटे उभे करून. बोटाला असं काही लागलं की हरिदासभाऊंना वाटलं, बोट कोणी पेटवलं. ते खाली बसले. रिना धावत आली, बोट बघितलं, आणि त्या क्षणी तिच्यातली सून बाजूला झाली, नर्स उभी राहिली. "मामीजी, गरम पानी. सोसन तितकं गरम." तिने त्यांचा हात धरून गरम पाण्यात बुडवला आणि सोडला नाही. "हलू नका. शेक लागल्यानं याचं विष उतरते. पायाले मुंग्या येऊन राह्यल्या का? श्वास बराबर हाय न?" इतकी वाक्यं एकामागून एक, इतक्या खणखणीत आवाजात ती बोललेली हरिदासभाऊंनी महिन्यांत ऐकली नव्हती. बोट जळत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तरी त्यांच्या मनात आलं, हिला असंच राहायला पाहिजे. असं, कामात.

दवाखान्यात मात्र पंचाईत झाली. केसपेपर लिहिणाऱ्याने विचारलं, "काय चावलं? साप?"

"मासा."

"कोन्या नदीत?"

"घरी. समुद्रातला हाय."

त्याने पेन खाली ठेवलं. "काका, इथी सापाचा रकाना हाय, विंचवाचा हाय, कुत्र्याचा हाय. अस्वलाचंबी लिहितो आम्ही. घरी बसून समुद्रातला मासा चावला, हे मी कुठी लिहू?" शेवटी 'इतर' मध्ये लिहिलं. चावला नाही, काटा लागला, ही दुरुस्ती हरिदासभाऊंनी त्या अवस्थेतही करून घेतली.

डॉक्टरीणबाई रिनाला ओळखत होत्या. बोट तपासता तपासता त्या म्हणाल्या, "छान केलंस, पाणी बरोबर दिलंस. आणि अगं, तुझी ऑर्डर निघाली ना भामरागडची? कधी हजर होतेस? पाऊस लागायच्या आधी जा बाई, नंतर पुलावर पाणी आलं की रस्ताच बंद."

बोटाचं दुखणं हरिदासभाऊंना एकाएकी कळेनासं झालं.

परत येताना ऑटोत त्यांनी विचारलं, "कायची ऑर्डर?"

"सरकारी नर्सची. परीक्षा दिली होती न मागच्या साली, यांनीच फॉर्म भरला होता." ती बाहेर बघत होती. "मी नाई जात, मामाजी. तुमी दोघं एकटे. आन साहेबाले कोन पायल?"

हरिदासभाऊंनी जो श्वास सोडला, तो सुटकेचा होता. सुटका झाली म्हणून त्यांना लगेच स्वतःचा रागही आला, पण आधी सुटका झाली, हे खरं. घरी येऊन ते म्हणाले, "नोकरी सोडायची नाई. मुदतवाढ मागू." आणि डाव्या हाताने, कारण उजवा सुजला होता, त्यांनी अर्ज लिहिला. 'कौटुंबिक अपरिहार्य अडचणीस्तव' हे शब्द त्यांच्या लेखणीतून असे उतरले की वरिष्ठांनी वाचून मुदत वाढवून दिली. साहेबांचा उल्लेख अर्जात नव्हता. पण ती अडचण म्हणजे साहेबच, असं घरातले सगळे म्हणू लागले. साहेब आहेत म्हणून रिना इथे आहे. तिघांनाही ते बोलायला सोपं होतं.

नंतर एका रणरणत्या दुपारी बायनाबाई पडवीत लवंडल्या होत्या, रिना पिठाच्या गिरणीवर गेली होती. साहेब खडकाशी टेकून होते, पोट आत गेलेलं. हरिदासभाऊ पेटीसमोर बसले. स्वयंपाकघरात नीलाबाईकडून आणलेले बाहेरगावचे झिंगे सोलून ठेवले होते. त्यांनी त्यातला एक खराट्याच्या काडीला टोचला. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं, रडणाऱ्या पोरापुढे माणूस काहीही हलवतो तसं. काडी पाण्यात धरली. सूज उतरली होती, तरी हात कापत होता, त्यामुळे झिंगाही थरथरत होता.

साहेबांनी मान वळवली. पर पसरले. झिंगा गेला.

"अरे!" हरिदासभाऊ मोठ्याने म्हणाले. त्यांनी दुसरा टोचला. गेला. तिसरा. गेला. मेलेला झिंगा, काडीवरचा, आणि साहेब घेत होते! ते उठले, दारापर्यंत गेले, रिनाला हाक मारायला तोंड उघडलं, आणि तसेच उभे राहिले.

साहेब काडीवरचं खातात म्हटल्यावर त्यांना कोणीही खाऊ घालू शकत होतं. मग ती कशाला थांबेल?

हरिदासभाऊंनी काडी धुऊन कोठीमागे ठेवली.

पुढचे काही दिवस त्यांनी जे केलं ते त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. रिनासमोर ते बरणी घेऊन जित्या माशांच्या शोधात बाहेर पडत, पत्रूभाऊंच्या घराला वळसा घालून बसस्टँडवर जाऊन बसत, आणि रिकामी बरणी घेऊन परतून म्हणत, "नाई मिळाले." मग ती अंघोळीला गेली की घाईघाईने काडी. रिना म्हणायची, "उपाशी असून ताजा दिसते नाई?" ते म्हणायचे, "जातच कडक हाय ती." दुसऱ्या मुदतवाढीचा अर्ज त्यांनी मनात लिहूनही ठेवला होता. पण पहिल्या ओळीपुढे 'अडचण' या शब्दाशी येऊन ते अडखळत होते.

बायनाबाईंनी बघितलं ते असंच, भरदुपारी, काडी हातात असताना. त्या हातातलं सूप खाली ठेवून शेजारी बसल्या. साहेबांनी झिंगा घेतला.

"खाते आता हा?"

"खाते."

"कवापासून?"

हरिदासभाऊंनी दुसरा झिंगा टोचला.

बायनाबाई काचेकडे बघत होत्या. "मलेबी वाटते, नाई जाव तिनं," त्या म्हणाल्या. "सकाळी उठून तिचा आवाज आयकला का वाटते, अजून घर हाय आपलं. पन ते पोरगी या घरात म्हातारी होईन, हो. सांगा तिले."

"तूच सांग न."

"मी नाई सांगत. मी सांगीन तर रडीन, आन मी रडली का ते जात नाई."

संध्याकाळी रिना पाण्याचं मीठ तपासायला पेटीशी आली. हरिदासभाऊ बाजूलाच उभे होते. त्यांनी भाषण तयार केलं होतं, त्यात 'सेवाधर्म' हा शब्दही होता. प्रत्यक्षात त्यांनी फक्त काडी पुढे केली. "धर. हलव थोडं."

तिने धरली. साहेब आले, झिंगा घेतला, मागे झाले, आणि आणखी आहे का म्हणून तिच्या हाताकडे बघत राहिले.

रिनाने रिकामी काडी बाहेर काढून बघितली. मग म्हणाली, "कधी शिकला?"

"आजच," हरिदासभाऊ म्हणाले.

तिने त्यांच्याकडे बघितलं. तिला कळलं होतं, हे त्यांनाही कळलं. ती काडी फिरवत राहिली, तिचे डोळे भरून आले. "यांनी लय ट्राय केलं होतं, मामाजी," ती म्हणाली. "काडीनं, चिमट्यानं, दोऱ्यानं. खातच नव्हता. ते असते तर नाचले असते आज." घरात इतक्या महिन्यांत अश्वजितबद्दल कोणी इतकं बोललं नव्हतं. आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला होता.

"पाऊस लागायच्या आधी हजर हो," हरिदासभाऊ म्हणाले. "मुदतवाढीचा अर्ज मी लिहीत नाई आता."

ती गेली त्या दिवशी पत्रूभाऊ अबोला सोडून बॅग उचलायला आले. आल्लापल्लीपुढच्या जंगलाबद्दल त्यांनी बसस्टँडपर्यंत न थांबता सूचना दिल्या, अस्वलापासून ते जळवांपर्यंत. बायनाबाईंनी डब्यात काय काय भरलं होतं. बस सुटताना हरिदासभाऊंना काही मोठं म्हणायचं होतं, पण ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि ते म्हणाले, "पोचल्यावर फोन लावजो."

फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. आवाज तुटत होता. खोली मिळाली, सोबतीला ललिता नावाची सिस्टर आहे, तिथलीच आहे, गोंडी शिकवते म्हणते. नदी जवळ आहे, आज ओपीडीत गर्दी होती, एका बाईची डिलिव्हरी झाली. ती बोलत होती. कोणी न विचारता बोलत होती. मग म्हणाली, "साहेबानं खाल्लं?"

"हो. चार झिंगे."

"मामीजी जेवल्या?"

"हो, जेवली."

"आन तुमी?"

हरिदासभाऊंनी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपण कालपासून काही खाल्लेलं नाही. "बसतोच आता," ते म्हणाले. पलीकडून ती काही बोलली, पण रेंज गेली होती.

फोन ठेवून ते जमिनीवर बसले आणि रडू लागले. पोरगा गेला त्या दिवशी ते रडले नव्हते. तेव्हा पाहुण्यांचं बघायचं होतं, कागदपत्रं बघायची होती, बायनाबाईंना सावरायचं होतं. आता काही बघायचं नव्हतं. ते अश्वजितचं नाव घेऊन रडले, मोठ्याने, पत्रूभाऊंच्या घरापर्यंत ऐकू जाईल इतकं.

बायनाबाईंनी ताट वाढून समोर ठेवलं, आणि हरिदासभाऊ जेवायला लागेपर्यंत त्या तिथेच बसून राहिल्या.